काका, साखर घालू का?

तुमच्या दारात आलेल्या माणसाला चहा देण्याआधी, साखर घालू का, असं तुम्ही शेवटचं कधी विचारलं होतं? आठवून बघा, घाईने उत्तर देऊ नका. मी विचारत नव्हते. माझ्या घरात कोणी विचारत नव्हतं, आणि ज्या पाड्यांवर आम्ही फिरलो तिथेही कोणी विचारत नव्हतं. विचारणं म्हणजे हात आखडता घेणं, असंच आम्हाला वाटायचं. या एका न विचारलेल्या प्रश्नापायी एक माणूस माझ्या डोळ्यांदेखत दोनदा मरणाच्या दारात जाऊन परत आला. आता तो खरोखरच गेला आहे. पुढचं सगळं मी त्याच्याशी बोलणार आहे. तुम्ही बाजूला बसून ऐका.

शिडवाकाका, तुझ्या दिवसाचं जेवण होऊन चार दिवस झाले. आपल्या संघटनेच्या तलासरीच्या कार्यालयात तुझी खुर्ची कोणी हलवलेली नाही, पण तीत कोणी बसतही नाही. मला श्रद्धांजलीचं पत्रक लिहायला सांगितलं होतं. मी तीनदा बसले. तीनही वेळा ‘लढवय्या’, ‘झुंजार’ असे शब्द आले आणि तीनही वेळा कागद फाडला. तू म्हणायचास, ‘पोरी, तुझ्या पत्रकाला दात असतात, जीभ नसते.’ हे वाक्य मला किती झोंबलं होतं ते तुला कधी सांगितलं नाही. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि मला फक्त दातच हवे होते.

मी शिक्षकाच्या घरातली. बाबा दिवसा शाळा शिकवायचे आणि संध्याकाळी संघटनेची पत्रकं लिहायचे. माझ्या वह्यांना उरलेल्या पत्रकांची कव्हरं असायची. मी अक्षरं ओळखायला शिकले तीच मुळी मोर्चाच्या हाकांवरून. तुला पहिल्यांदा ‘अहो काका’ म्हटलं, तेव्हा तू मागे वळून पाहिलंस, आणखी कोण आलंय ते बघायला. मग म्हणालास, आमच्यात बापालाही तूच म्हणतात, तू कोण मोठी लागून गेलीस. त्या दिवसापासून तू माझा तू झालास.

दोन हजार चौदाची गोष्ट तुला आठवत असेल. कैनाडच्या पाड्यावर वनजमिनीच्या दाव्यांची पाहणी करायला साहेब आला होता. रत्नीआजीने त्याला कोरा चहा दिला. स्टीलचा पेला दोनदा घासून, साखर अशी की ओठ चिकटावेत. साहेबाने पेला घेतला, ओटीवर ठेवला आणि रुमालाने बोटं पुसली. आजी त्या पेल्याकडे बघत उभी राहिली. तू पुढे झालास, तो पेला उचललास आणि साहेबाच्या डोळ्यांत डोळे घालून तो चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलास. पेला आजीच्या हातात देऊन म्हणालास, ‘बेस झालाय. अजून हाय का?’

मी घरी येऊन पत्रक लिहिलं. ‘ज्याला आमच्या घरचा चहा चालत नाही, त्याचा शब्द आम्हाला चालत नाही.’ एवढं एक वाक्य मथळ्याला, खाली मागण्या. ते वाक्य पाड्यापाड्यावर गेलं. कोणीतरी भिंतीवर गेरूने लिहिलं. बाबांनी माझी पाठ थोपटली. संघटनेच्या बैठकीत ठरलं की आपल्या एकाही कार्यकर्त्याने कुठल्याच घरचा चहा नाकारायचा नाही. ठराव तूच मांडलास. हात वर करणाऱ्यांत पहिला हात माझा होता.

तो ठराव तुझ्या रक्तात साठत होता, हे कोणाला कळणार होतं?

तू रोज दहा-बारा घरं करायचास. दाव्याला सही हवी, कोणाचा दाखला हवा, कोणाच्या शेताची हद्द दाखवायला म्हातारा माणूस हवा. घर म्हणजे चहा. दोन वर्षांत तुझ्या गालांची हाडं वर आली. शर्ट खांद्यावरून लोंबायला लागला. बैठकीत तू पाण्याच्या हंड्याजवळ बसायचास आणि दर अर्ध्या तासाने उठून कुंपणापलीकडे जायचास. पोरं हसायची. तूही हसायचास, म्हणायचास की काका आथा म्हातारा झाला, गळका झाला. मीही हसले. सगळ्या जगाची लक्षणं पत्रकात मांडणाऱ्या मला तुझी लक्षणं दिसली नाहीत.

मग तुझा अंगठा. चपलेचा खिळा वर आला होता आणि तू त्यावर दिवसभर चाललास. तुला कळलंच नाही. सोमीकाकीने चप्पल धुवायला घेतली तेव्हा तिला आत रक्त दिसलं. तिने विचारलं, दुखत नाही का? तू म्हणालास, नाय दुखत, म्हणजे बेसच ना. पंधरा दिवसांनी अंगठा काळा पडायला लागला तेव्हा काकी माझ्याकडे आली. तुझ्याकडे नाही, माझ्याकडे. म्हणाली, ‘तुझं ऐकतो तो. तुझं लिहिलेलं तर भिंतीवर लावतो.’

डहाणूच्या सरकारी दवाखान्यात नरपडच्या सिस्टर होत्या. तुला त्या पहिल्याच दिवशी आवडल्या होत्या, कारण त्या कोणालाच घाबरत नव्हत्या. त्यांनी तुझ्या बोटाला सुई टोचली, पट्टी यंत्रात घातली. आकडा आलाच नाही. त्यांनी दुसरी पट्टी घातली. तरीही नाही. मी म्हटलं, यंत्र बिघडलं असेल. सिस्टर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘यंत्र चांगलं आहे. सहाशेच्या वर गेलं की ते मोजत नाही.’ मग त्यांनी डॉक्टरांना हाक मारली, आणि त्या हाकेत घाई होती.

सलाईन लागलं, सुईतून इन्सुलिन गेलं, अंगठा गेला. दर तासाला तुझं बोट टोचत होते आणि मी आकडे वहीत लिहीत होते. चारशे ऐंशी. चारशे दहा. तीनशे साठ. माणसं निवडणुकीचा निकाल ऐकतात तसे आम्ही ते आकडे ऐकत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दोनशे दहा आला तेव्हा काकीने डोक्यावरचा पदर सोडला आणि भिंतीला टेकून बसली.

तू शुद्धीत होतास आणि तुला राग आला होता. आजाराचा नाही, आजाराच्या नावाचा. ‘डायबेटीस शेठ लोकांना होतो,’ तू सिस्टरना सांगितलंस. ‘गादीवर बसून मिठाई खाणाऱ्यांना. मी रोज दहा-पंधरा किलोमीटर चालतो. मना कसा होईल?’ खरं सांगू? मलाही तसंच वाटत होतं. आमच्या डोक्यात रोगांचेही वर्ग पाडलेले होते. क्षय आपला, कुपोषण आपलं, मधुमेह त्यांचा. सिस्टर म्हणाल्या, ‘काका, हा रोग तुमचं पत्रक वाचून येत नाही. दिवसाला चहा किती?’

तू प्रामाणिकपणे घरं मोजलीस. बोटांवर मोजताना दोन्ही हात पुरले नाहीत.

‘प्रत्येकात साखर किती?’

‘ती घरचे घालतात. मी कशी मोजू?’

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. ‘मग ऐका. दवाखान्यात मी तुमची साखर खाली आणीन. पाड्यावर तुम्ही ती वर न्याल. असं किती दिवस खेळायचं ते तुम्हीच ठरवा. तुम्हाला अजून नऊ बोटं आहेत.’

घरी आल्यावर तू इन्सुलिन टोचायला लगेच शिकलास. घरात फ्रीज नाही, म्हणून सिस्टरनी सांगितल्याप्रमाणे मातीच्या मडक्यात ओली वाळू आणि तिच्यात डब्यातली बाटली. भात कमी केलास, नाचणीची भाकरी वाढवलीस, ताडी सोडलीस. सगळं केलंस, फक्त एक सोडून. फेरी सुरू झाली आणि चहा सुरू झाला. पुन्हा तीनशे ऐंशी, चारशे वीस. माझ्या वहीतले आकडे खालून वर चढायला लागले.

आपलं भांडण तेव्हापासूनचं. मी म्हटलं, सांग त्यांना डॉक्टरने मनाई केलीय. तू म्हणालास, साहेबही असंच काहीतरी सांगतात. मी म्हटलं, उपास आहे म्हण. तू म्हणालास, कार्यकर्ता खोटं बोलला की संपला. मी म्हटलं, मग फेरी सोड, दुसरा कोणी जाईल. तू चपलेकडे बघत म्हणालास, ‘तूच लिहिलंस ना. भिंतीवर हाय अजून.’

मी त्यावर गप्प बसले. हेच मला तुला सांगायचं राहिलं, काका. त्या क्षणी मला ‘मी चुकले’ म्हणता आलं असतं. तीन शब्दसुद्धा नाहीत. पण मला वाटलं, एक वाक्य मागे घेतलं की साहेब जिंकला. तुझा पाय एका बाजूला आणि माझं वाक्य दुसऱ्या बाजूला, आणि मी वाक्याच्या बाजूला उभी राहिले. तत्त्वनिष्ठ म्हणून माझं कौतुक करणाऱ्यांना मी हे आता सांगत असते.

आणि मग कैनाडची ती दुपार. तुला दोन दिवस ताप होता. पोटात अन्न ठरत नव्हतं. जेवलोच नाही तर सुई कशाला, असं म्हणून तू इन्सुलिन बंद केलंस. काकीलाही ते पटलं, कोणालाही पटेल असंच ते होतं. तिसऱ्या दिवशी बरं वाटतंय म्हणून फेरीला निघालास. मी मागून पोचणार होते, कागद घेऊन.

मी पाड्यावर आले तेव्हा तू आंब्याखाली आडवा होतास आणि चार-पाच जण बाजूला बसून हसत होते. काकाने ताडी सोडली म्हणे, एक जण म्हणाला, बघा सोडलेली. तुझ्या तोंडाला गोडसर, सडत्या फळासारखा वास येत होता. तू जोरजोरात, खोल श्वास घेत होतास. त्यांनी तुझ्या डोक्याखाली गोणपाट दिलं होतं. प्रेमानेच दिलं होतं. उतरेल म्हणाले. झोपू दे.

मी हाका मारल्या. तू डोळे उघडलेस, पण मला ओळखलं नाहीस. सिस्टरनी पहिल्या वेळी काकीला सांगितलेलं मला आठवलं: उलट्या, गोड वास आणि असा श्वास, तिन्ही एकदम दिसली तर थांबायचं नाही. मी ओरडले की याने ताडी घेतलेली नाही. मग हसणाऱ्यांनीच तुला उचललं. टमटम रस्त्यावर उभी होती, आत भाजीच्या पाट्या होत्या. त्या खाली उतरवल्या आणि तुला आडवं घातलं. कैनाड ते डहाणू किती लांब आहे? रोजचा रस्ता. त्या दिवशी मला प्रत्येक वळण नवीन वाटत होतं. मी तुझे श्वास मोजत होते, कारण दुसरं काही करता येत नव्हतं, आणि दोन श्वासांमध्ये जरा वेळ गेला की माझाच श्वास अडकत होता. रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी गेली, इतकी लांब मालगाडी मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. डोक्याखालचं गोणपाट तसंच होतं.

सिस्टर दारातच भेटल्या. वास घेतला आणि म्हणाल्या, इन्सुलिन कोणी बंद केलं? मी सांगितलं, काका जेवत नव्हते म्हणून. त्या स्ट्रेचर ढकलता ढकलता बोलत होत्या: ‘आजारपणात शरीराला इन्सुलिन जास्त लागतं, कमी नाही. जेवण नसेल तर किती घ्यायचं ते येऊन विचारायचं. आपल्या मनाने बंद करायचं नाही. कधीच नाही.’ हे वाक्य मी नंतर कार्यालयाच्या भिंतीवर लिहिलं. माझ्या वाक्याच्या बरोबर खाली.

तू वाचलास. दोन दिवस लागले. डॉक्टर म्हणाले, अजून एक-दोन तास गेले असते तर सांगता आलं नसतं.

तू दवाखान्यात असताना मी रत्नीआजीकडे गेले. तुला न विचारता. मला हात जोडायचे होते. रस्ताभर वाक्यं जुळवत गेले: आजी, अपमान समजू नको, त्याची तब्येत, संघटनेचा ठराव, वगैरे. आजी चुलीजवळ बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘हा ठराव कोणी केला?’

मी म्हटलं, आम्ही. तुमच्या मानासाठी.

‘आमना विचारलं होतं?’

आजी हसली नाही, रागावलीही नाही. चुलीत लाकूड सरकवत म्हणाली, ‘त्या साहेबाने पेला खाली ठेवला, त्याचा राग आला. साखरेचा नाय. त्याने बिनसाखरेचा मागितला असता ना, तर मी हसत दिला असता. शिडवा माझा भाऊ हाय. भावाला मारून मान कशाला पायजे मना?’ मग तिने पातेलं ठेवलं, गवती चहाची पात मोडून टाकली, आल्याचा तुकडा ठेचला. डब्याकडे हात नेला, थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. ‘तुना साखर घालू का?’

काका, आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला हा प्रश्न विचारला होता.

पत्रकांत आम्ही लोकांच्या मानाबद्दल किती लिहिलं. लोकांना एकदा विचारावं, हे सुचलं नाही. साहेबाला वाटत होतं, पाड्यावरच्या बाईला काय कळतं. आणि आम्हाला वाटत होतं, पाड्यावरच्या बाईला सांगितलं तर तिला कळणार नाही. फरक काय राहिला? हे मला अजून टोचतं.

त्या आठवड्यात मी दुसरं पत्रक लिहिलं. तुला त्याचा मथळा आवडला नव्हता, फार साधा आहे म्हणालास, पण पत्रक घडी करून खिशात ठेवलंस. ‘चहा आमच्या घरचा. साखर पाहुण्याच्या मर्जीची.’ खाली सिस्टरनी सांगितलेली लक्षणं, जशीच्या तशी: फार तहान, वारंवार लघवी, वजन उतरणं, न भरणारी जखम. पुढच्या बैठकीत तू उभा राहिलास आणि जुना ठराव मागे घेण्याचा ठराव मांडलास. तुझी मान खाली होती. मी पहिला हात वर केला. रत्नीआजी बैठकीला आली होती. तिने दोन्ही हात वर केले. एक माणूस एक मत, असं कोणीतरी म्हणालं, तर ती म्हणाली, दुसरा शिडवाच्या अंगठ्याचा.

त्यानंतर दोन-अडीच वर्षं तू आमच्यात होतास. पाड्यांवर तुझा वेगळा चहा ठरून गेला. कोणी गवती चहा, कोणी तुळस, कोणी नुसतं आलं. वरच्या पाड्यावरची एक सून तुला चिडवायची की काका, तुझा चहा म्हणजे गरम पाणी, पण तूच म्हणतोस बेस झाला. तीनशे. दोनशे चाळीस. एकशे नव्वद. एकशे साठ. तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी झाली, सिस्टरनी कागद बघितला आणि तुला कपाळावर हात लावून सलाम ठोकला. शर्टच्या खिशात तू साखरेची पुडी बाळगायचास, घाम फुटून थरथर सुटली तर लगेच तोंडात टाकायला. ज्या साखरेने मारायला घेतलं तिलाच खिशात बसवून ठेवली, असं म्हणायचास. दाव्यांचे कागद घेऊन नऊ बोटांनी तू जितका चाललास तितका मी दहा बोटांनी चालले नाही.

डॉक्टर म्हणतात, हृदय गेलं. जुन्या वर्षांनी आतून नसा खराब करून ठेवल्या होत्या, आणि अशा माणसाला छातीतली कळ कळतही नाही, जसा तुला तो खिळा कळला नाही. सकाळी ओटीवर बसलेला होतास. काकी मडक्यातून बाटली काढायला आत गेली आणि बाहेर आली तेव्हा तुझी मान कलली होती. त्या सकाळची साखर काकीने आधीच वहीत लिहिली होती. एकशे बत्तीस. तुला जिंकूनही जावं लागलं, याचा मला राग आहे. पण हरून गेला नाहीस, याचंही मला काहीतरी वाटतं, त्याला अजून शब्द सापडलेला नाही.

तुझ्या दिवसाला तुझ्या अंगणात शंभरेक माणसं आली. चहाची मोठी पातेली चुलीवर होती, दोन. काकी रडून रडून बसली होती, तरी उठली. ओटीवर बसलेल्या पहिल्या पाहुण्याजवळ गेली, मग दुसऱ्याजवळ, मग तिसऱ्याजवळ. प्रत्येकाला विचारत गेली, साखर घालू का? शेवटी माझ्याजवळ आली. मी नको म्हटलं. तिने तुझ्या शर्टमधली पुडी माझ्या हातात ठेवली. न उघडलेली. पुडी कशात बांधली होती ते मी घरी येऊन पाहिलं. माझ्या दुसऱ्या पत्रकात.

मी चुकले, काका. आता म्हटलं. तू ऐकलंस असं मी धरून चालते, कारण तू कधीच कोणाचं न ऐकता उठला नाहीस.

आणि बाजूला बसून हे ऐकणाऱ्यांनो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. आज किंवा उद्या तुमच्या दारात कोणीतरी येईल. पातेल्यात साखर टाकण्याआधी हात थांबवा आणि विचारा. तो नको म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नका, त्याच्या शेजारी बसा आणि दुसरा प्रश्न विचारा: ‘रक्तातली साखर शेवटची कधी तपासलीस?’ त्याने मान खाली घातली, तर चहा झाकून ठेवा आणि त्याला घेऊन दवाखान्यात निघा.